आकारामच्या मोटारीची डावी बाजू

आकाराम पलटणीतून परत आला तो एकच शब्द घेऊन आला. ‘बरं.’

आई म्हणायची, “आरं आक्या, भाकरी निवली.” “बरं.” चुलता केरबातात्या म्हणायचा, “आकाराम, वरच्या पट्टीतला ऊस समदा आडवा झाला रं.” “बरं.” पारावरची कार्टी मुद्दाम ओरडायची, “आकारामदादा, तुमच्या धोतराला इस्तू लागलाय!” तो खाली वाकून बघायचा, विस्तव नाही असं दिसलं की म्हणायचा, “बरं.” हे ‘बरं’ नकलेत काढणं वाटतं तितकं सोपं नाही. त्यात राग नाही, लाड नाही, होकारसुद्धा नाही. रिकामी घागर शेणानं सारवलेल्या जमिनीवर ठेवल्यावर जेवढा आवाज होतो तेवढ्यावर थांबायचं. गावातल्या निम्म्या पोरांना ते कधी जमलंच नाही.

तो पाच वर्षं लष्करात मोटारी हाकत होता, आधी मिसरात, मग इटलीत. त्याच गल्लीतला गुंडा त्याच्याबरोबर एकाच दिवशी भरती झाला होता. दोघं जाताना गावानं हलगी लावली होती. चव्वेचाळीस साली गुंड्याची तार आली आणि सेहेचाळीसच्या शिमग्याला आकाराम आला. गुंडा कसा गेला हे त्यानं सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. मेल्या माणसाचं विचारायचं नसतं, अशी आमच्याकडची रीत. सांगणारा आपण होऊन सांगतो. हा काही सांगणाऱ्यातला राहिला नव्हता.

त्याची बायको राहीबाई. लग्न झालं आणि दुसऱ्या वर्षी नवरा दर्यापार गेला. पाच वर्षं तिनं सासू सांभाळली, ऊस सांभाळला, दोन म्हशी वाढवल्या. नवरा आला तेव्हा तिनं अंगण दोनदा सारवलं. मग पाच महिने ती त्याच्याशी बोलली आणि तो ‘बरं’ म्हणाला. नागपंचमीला गावातल्या सगळ्या सासुरवाशिणी माहेरी जातात, तशी तीही गेली. सगळ्या परत आल्या. राहीबाई आली नाही.

तिचं माहेर आटपाडीच्या अलीकडं, दुष्काळी मुलखात. न्यायला सासरचं कुणीतरी मोठं माणूस जायचं असतं, म्हणून दसऱ्याला केरबातात्या बैलगाडी घेऊन गेला. हात हलवत परत आला. दिवाळीनंतर पुन्हा गेला, पुन्हा तसाच आला. दुसऱ्या खेपेला मात्र तो निरोप घेऊन आला होता, तोही सासऱ्याच्या आवाजात. राहीबाईचा बाप नाथाजी प्रत्येक वाक्याआधी खोकायचा आणि समोर एकच माणूस असला तरी पंचांपुढं उभा असल्यासारखा बोलायचा.

“ख्हॅ! ज्याची बायको त्यानं यावं. ख्हॅ! चुलत्याला काय उसाचं बेनं न्यायला धाडलंय? संक्रांतीपातुर वाट बघनार. न्हाई आला तर पंचास्नी बसवतो आन् पोरगी मोकळी करून घेतो. ख्हॅ!”

आणि सैपाकघरातून राहीबाई म्हणाली होती, “मानूस असंल तर यावं म्हनावं. दगुड असंल तर हितल्या माळावर बी लय पडल्यात.”

केरबातात्यानं हे सगळं खोकल्यासकट करून दाखवलं. आकारामची आई मनुबाई कपाळावर हात मारून बसली. “आक्या, ऐकलंस काय? संक्रांत! बायकू चालली की रं तुजी!”

“बरं,” आकाराम म्हणाला.

पण दुसऱ्या दिवशी पहाटे तो उठला, पलटणीतून मिळालेले पैसे कमरेला बांधले आणि केरबातात्याला म्हणाला, “सांगलीला जायाचं. बैलं घ्या.” परत आल्यापासून एवढं लांब वाक्य तो पहिल्यांदाच बोलला होता, त्यामुळं तात्यानं का म्हणून विचारलं नाही.

सांगलीजवळ एका जहागीरदाराची मोटार विकायला निघाली होती. लांबलचक नाकाची, मोराच्या मानेच्या रंगाची, बिनटपाची, शर्यतीत पळवायची विलायती मोटार. आत लाल चामड्याच्या दोनच खुर्च्या. कारभारी तपकीर ओढून नाकातून बोलणारे. त्यांचा ‘ण’ ऐकावा असा होता. तो घंटेसारखा वाजायचा.

“अहो शिपाईबुवा, ही मोटार म्हणू नका, हे अश्वरत्न म्हणा! सरकारस्वारी हिच्यातून कोल्हापुराकडे निघाली की स्वारी आधी पोहोचणार, धुरळा मागाहून येणार. ताशी ऐंशी मैल! समजलं? ऐंशी!”

“मग इकताय कशापायी?” तात्यानं विचारलं.

“पेट्रोल कुठाय, पेट्रोल? चिठ्ठीवर महिन्याकाठी जेवढं मिळतं, तेवढ्यात ती तबेल्याबाहेर येते आणि पुन्हा आत जाते. रत्नाला चारा नको काय?”

तात्या मोटारीभोवती फिरला. “आवं पर ह्येच्यात बसायचं कुटं? समदं नाकच हाय.”

“दोघांनी बसावयाचं.”

“आन् तिसऱ्यानं?”

“तिसरा हवा कशाला?” असं म्हणून कारभारी जे हसले, ते तात्यानं नंतर गावात करून दाखवलं नाही. बायामाणसं होती.

आकारामनं झाकण उघडून इंजिन सुरू करायला लावलं. डोळे मिटून कितीतरी वेळ ते ऐकलं. मग फिरून डाव्या बाजूला आला, ड्रायव्हरशेजारच्या खुर्चीचं दार उघडलं, आत बघितलं आणि लावून घेतलं. परत उघडलं, परत लावलं. तात्याला वाटलं, बिजागरी बघतोय.

“बरं,” आकाराम म्हणाला, आणि मोटार घेतली.

ताशी ऐंशी मैलांची ती मोटार केरबातात्याच्या बैलांनी दीड दिवसात सांगलीहून गावात आणली.

सगळा गाव बघायला लोटला. मनुबाईनं कुंकू लावलं, नारळ फोडला आणि मग आत डोकावली. आमच्या गावात मनुबाईचं बोलणं म्हणजे चालू मोट. एकदा सुरू झाली की पाट भरल्याशिवाय थांबायची नाही.

“आक्या, ह्या दोनच खुर्च्या व्हय रं? आन् तू बसनार, आन् ती बसनार? शेजारी शेजारी? उघड्यावर? आरं, लगीन लागल्यावर देवाला जाताना बसत्यात तेवढंच, पुन्यांदा कुनी बसतंय का तसं? दिसाउजेडी, सासऱ्याच्या दारातनं, चावडीवरनं? लोकं तोंडात शान घालतील! आन् मी कुटं बसू? मी न्हाई गेले तर सून घ्यायला कुनी मोटं गेलं, असं कोन म्हनंल? नाकावर बसू का त्येच्या?”

आकारामनं पाना घेतला. डाव्या खुर्चीचे चारही नट काढले, ती लाल चामड्याची खुर्ची उचलली आणि गोठ्यात नेऊन टाकली. मनुबाई बोलता बोलता थांबली. असं फार वेळा होत नाही.

मग मोटारीचं काम निघालं. ज्ञानू सुतारानं मागचा फुगीर भाग कापला आणि तिथं बाभळीच्या फळ्यांची बैठक ठोकली. दोन बायका पाय सोडून बसतील एवढी. वर सवारीच्या गाडीचा असतो तसा वेताचा टप बसवला आणि तट्ट्याला जुनं लुगडं शिवलं. म्हणजे पुढून बघितलं तर जहागीरदार आणि मागून बघितलं तर जत्रेला निघालेली गाडी. ज्ञानू ठोकताना मोटारीशीच बोलायचा, “हलू नगं. हलू नगं गं बाई. विलायतेची हायस म्हनून एवढी नाजूक व्हय?”

राहिला चारा. पेट्रोल मिळणार नव्हतं. लढाईच्या दिवसांत प्रवाशांच्या सर्व्हिस मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायच्या, तसंच हिलाही चालवायचं आकारामनं ठरवलं. लोखंडी पिंपात कोळसा पेटवायचा, हाताच्या पंख्यानं वारा घालायचा, त्याचा गॅस नळीतून इंजिनात सोडायचा. मिरजेहून जोतिबा मिस्त्री पिंप घेऊन आला. त्याची आई जतच्या पलीकडची, कानडी. त्यामुळं त्याचं मराठी वर चढून खाली उतरायचं.

“कुठं लावायचं ओ पिंप? मागं?”

आकारामनं खुर्ची काढलेल्या जागेवर बोट ठेवलं. “हितं.”

“अय्यो! तिथं कोण लावतंय? मागं लावतेत, नाहीतर बाहेर कडेला लावतेत. शेजारी लावला तर तुमचा डावा मांडी भाजतंय की ओ! मग जोतिबाला शिव्या देऊ नका.”

“हितंच.”

“पण का म्हणतो मी?”

“बरं.”

“बरं काय बरं? मी विचारलाय तुम्हाला! बरं म्हणतंय हा माणूस! बरं म्हणजे काय ओ तात्या? मागं लावू का नको लावू?”

तात्यानं हात वर केले. पिंप तिथंच लागलं. डावं दार काढून टाकलं आणि तिथून राखेचं तोंड बाहेर काढलं. मोटार चालू लागली, पण ताशी ऐंशी मैल काही उरले नाहीत. सपाटीला पंधरा, उताराला वीस. चढाचं विचारू नये.

पारावर सगळ्यांनी मिळून त्या पिंपाचा अर्थ लावला. “मर्यादा!” केरबातात्या म्हणाला. “पोरगं पाच वरसं गोऱ्यांच्यात राहिलं, पन बायकू शेजारी बसवाय नगं म्हनून जागाच मोडली बगा. असला मानूस न्हाई मिळायचा!” मनुबाई पाण्याला जाताना तेच सांगायची, येतानाही तेच. “माज्या लेकानं शेजारची खुर्चीच उपटून काढली गं बाई. आता सून मागं बसंल, माज्यापाशी, पदर घिऊन.” आकाराम हे ऐकत मोटारीच्या नळ्या पुसत असायचा. हो म्हणायचा नाही, नाहीही म्हणायचा नाही.

भोगीच्या दिवशी अंधारातच दोघं माय-लेक निघाले. त्या दिवसांत आमचं गाव सातारा जिल्ह्यात, म्हणजे इंग्रजांचं, आणि राहीबाईचं माहेर संस्थानी हद्दीत. नाक्यावरचा शिपाई मोटारीचं तोंड बघून सलाम ठोकत उभा राहिला आणि मोटार पुढं गेल्यावर मागचा टप बघून शिव्या देत बसला. मनुबाई विट्यापर्यंत बोलत होती. मग तोंडात कोळशाची राख जायला लागली, म्हणून पदर दाबून बसली. दुपार कलली तेव्हा मोटार नाथाजीच्या दारात पोचली. आकारामचं तोंड डावीकडून काळं आणि उजवीकडून पांढरं, धुळीचं. त्याला ते माहीत नव्हतं.

नाथाजी पुढं आला. पोरं, म्हातारी, कुत्री, सगळी वाडी गोळा झाली.

“ख्हॅ! पाव्हनं, बोला.”

आकाराम पायाकडं बघत म्हणाला, “न्यायला आलोय.”

नाथाजीला तेवढं पुरलं. मनुबाईनं टपातून उतरता उतरताच पिंपाची, खुर्चीची, मर्यादेची सगळी हकिगत सांगून टाकली होती. नाथाजीनं वाडीकडं वळून ती पंचांना ऐकवावी तशी पुन्हा ऐकवली. “ख्हॅ! जावई मर्यादंचा हाय. राहे, गठुडं बांद.”

राहीबाई बाहेर आली. गठुडं नव्हतं. तिनं मोटारीला एक फेरा घातला आणि डाव्या अंगाला येऊन थांबली. पिंप अजून धुमसत होतं.

“आबा, मी न्हाई जात.”

“आं?”

“मी शेजारी नगं म्हनून ह्यांनी माज्या जागंवर जाळ ठेवलाय.”

“अगं, ती मर्यादा असती...”

“मर्यादा रस्त्यावर असती, आबा. घरात पाच म्हैनं कसली मर्यादा व्हती? तितं बी जाळच व्हता. निस्ता दिसत न्हवता.”

नाथाजी खोकला, पण मागून वाक्य आलं नाही. शेवटी तो आकारामला म्हणाला, “काय म्हनता, पाव्हनं?”

“बरं,” आकाराम म्हणाला, आणि वळून पिंपाचं झाकण उघडलं. गॅस तयार व्हायला पाऊण घटका लागते आणि अंधाराआधी नाका ओलांडायचा होता. त्यानं कोळसा ओतला. आईला म्हणाला, “बस. पंखा फिरव.”

हे काम दोघांचं असतं. एकानं पंख्याचा दांडा सारखा फिरवत राहायचं, दुसऱ्यानं जाळ बघायचा. मध्ये हात थांबला की गॅस विरतो, पुन्हा पहिल्यापासून सुरू. येताना तीन वेळा मनुबाईनंच दांडा फिरवला होता. आता तिनं टपात चढून तळहात पुढं केले. दोन्हीकडं फोड आले होते. “माजं हात गेलं. मी न्हाई फिरवत. जायाचं तर हाय मोकळ्या हातानं, मग घाई कशाची?”

वाडी बघत होती. म्हाताऱ्या सासूचे सोललेले हात सगळ्यांना दिसले होते. सून तिथंच उभी होती, आणि यायचं नाही म्हणाली तरी पंच बसेपर्यंत ती सूनच होती. राहीबाईनं पदर खोचला, पुढं झाली आणि दांडा धरला.

“सावकाश,” आकाराम म्हणाला.

ती सावकाश फिरवू लागली.

“आता जोरात.”

ती जोरात फिरवू लागली. वाडीला वाटलं, झालं, आता मोटार सुरू झाली की पाव्हणा जाणार. माणसं पांगली. नाथाजी ओसरीवर जाऊन बसला. मोटारीजवळ ती दोघं आणि टपात मनुबाई. पुढचं मनुबाईनं ऐकलं. बाकी सगळं ती आवाज काढून, हातवारे करून सांगायची. एवढं मात्र तिनं ज्याला सांगितलं त्याला साध्या आवाजात सांगितलं.

राहीबाई दांडा फिरवता फिरवता हळू म्हणाली, “माज्या जागंवर जाळ ठेवलायसा.”

“ती तुजी जागा न्हाई,” आकाराम म्हणाला. “गुंड्याची हाय.”

राहीबाईनं वर बघितलं.

“जोरात फिरव. गुंडा तितं बसायचा. डाव्या अंगाला. डोंगराचा रस्ता व्हता. बिडीला काडी मागत व्हता. मी म्हनलो, वळान जाऊ दे. डाव्या चाकाखाली सुरुंग व्हता.” त्यानं पिंपाच्या तोंडातली राख खरडली. “मग डावी बाजू न्हवती. मला काय झालं न्हाई. तितं कुनी बसलं की मला ते दिसतंय. म्हनून खुर्ची काडली. रिकामी जागा बी दिसाय लागली. म्हनून पिंप ठेवलं.”

‘सावकाश’ म्हणाला होता त्याच आवाजात त्यानं हे सगळं सांगितलं. मनुबाई म्हणायची, लेकाच्या तोंडाकडं बघितलं तर तो जाळ बघत होता. डोळ्यांत पाणी नाही, काही नाही. राहीबाईचा हात थांबला नाही.

दांडा तसाच फिरवत ती म्हणाली, “आदी सांगायचं न्हाई व्हय?”

“कुनी इचारलं न्हाई.”

“मी पाच म्हैनं काय करत व्हते?”

आकारामनं विचार केला. “तू इचारायचीस, जेवला का. झोप लागली का. काय झालंय तुमास्नी. गुंडा कसा गेला, असं न्हाई इचारलंस.”

मेल्या माणसाचं विचारायचं नसतं, हे राहीबाईला तिच्या आईनं शिकवलं होतं आणि तिच्या आईला तिच्या आईनं. टपात मनुबाईनं तोंडाला पदर लावला. राखेसाठी नव्हे.

आकारामनं नळीच्या तोटीला काडी लावली. ज्योत एकदा भकभकली, मग निळी होऊन थांबली. “आला,” तो म्हणाला. पुढं जाऊन त्यानं हँडल मारलं. मोटारीचं लांब नाक थरथरलं. इंजिन लागलं.

आवाज ऐकून नाथाजी ओसरीवरून उठला. राहीबाई हात पुशीत त्याच्या शेजारून घरात गेली आणि गठुडं घेऊन बाहेर आली.

“ख्हॅ! काय गं, न्हाई जात म्हनलीस ना?”

“म्हनले व्हते.”

“मग आता काय झालं?”

“पंखा फिरवला,” राहीबाई म्हणाली आणि वाकून बापाच्या पाया पडली. नाथाजीनं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मोटारीकडं बघत राहिला. त्या पंख्यात असं काय होतं, हे त्याला मरेपर्यंत कळलं नाही. आईनं घाईघाईनं ओटी भरली, तिळाची वाटी पदरात ओतली. राहीबाई मागं चढून सासूजवळ बसली. तिनं सासूचे हात उलटे करून फोड बघितले आणि पदराचं टोक फाडून एकेक हात बांधला.

वाडी मागं पडली. माळ लागला. मनुबाई बोलली नाही आणि ते तिला इतकं जड गेलं की दर फर्लांगाला ती खाकरत होती.

खानापूरच्या अलीकडं चढ लागतो. निम्म्या चढावर मोटारीचा दम गेला. आकारामनं मागं न बघता हाक दिली, “उतरा.”

दोघी उतरल्या. वजन कमी झाल्यावर मोटार सरकू लागली, पण अशी की चाक फिरतंय का नाही, हे बघायला खाली वाकावं. मनुबाई मागं दगडावर टेकली. राहीबाई मोटारीच्या उजव्या अंगानं, आकारामच्या बाजूनं, चालत राहिली. थोडा वेळ दोघं बरोबरीनं होती, तो आत, ती रस्त्यावर. मग ती पुढं गेली. ऐंशी मैलांच्या मोटारीला मागं टाकून अनवाणी बाई चढ चढून गेली.

“आगं ये!” मनुबाईला आता राहवलं नाही. “नवऱ्याच्या म्होरं कुनी चालतंय व्हय?”

राहीबाई वर पोचली होती. ती वळली. खाली निळी मोटार गुरगुरत, धूर सोडत, बोटभर बोटभर वर येत होती. आकाराम चाक धरून समोर बघत होता, तोंड अर्धं काळं, अर्धं पांढरं.

“येऊ द्या की सावकाश,” ती वरून म्हणाली. “मी हाय हितं.”

आकारामनं ते ऐकलं की नाही, कोण जाणे. इंजिनाचा आवाज मोठा होता. राहीबाई रस्त्याच्या कडेला बसली, पदरातले तीळ चिमटीनं तोंडात टाकत, आणि मोटार वर यायची वाट बघू लागली.